शब्दचर्चा: ‘माहितीपूर्ण संमती’ला मराठीत नेमकं काय म्हणावं?

प्रश्न, सातारा

मानसशास्त्राच्या एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी माण तालुक्यातल्या एका गावात जाते. घरातले पुरुष माथाडी कामाला मुंबईत आणि बायका इकडे शेत-जनावरं बघतात, अशा घरांतल्या बायकांची झोप आणि काळजी हा विषय. मुलाखतीआधी ‘माहितीपूर्ण संमतीपत्र’ (इंग्रजीत ‘इन्फॉर्म्ड कन्सेंट’) वाचून दाखवायचं असतं. पहिल्याच घरी आजी म्हणाल्या, “माहितीपूर्ण म्हंजी? माझी समदी माहिती लिवून घेनार व्हय?” आणि त्यांनी कागदाला हातच लावला नाही.

मला वाटतं, आजींनी मराठी बरोबर वाचलं. ‘माहितीपूर्ण लेख’ म्हणजे माहितीने भरलेला लेख. मग ‘माहितीपूर्ण संमती’ म्हणजे काय समजायचं? इथं माहिती आधी मी द्यायची, त्यांना ती कळायची, आणि मग त्यांनी हो किंवा नाही म्हणायचं. काही फॉर्मांवर ‘सूचित संमती’ छापलेलं असतं, ते हिंदीवरून आलंय. हिंदीत सूचित म्हणजे कळवलेला, मराठीत मात्र आडून सुचवलेला. मराठी माणसाला त्यातून ‘न विचारता गृहीत धरलेली संमती’ असा नेमका उलटा अर्थ लागेल. ‘सुजाण संमती’ कानाला बरं वाटतं, पण मग नकार देणारी बाई अजाण का?

कोरेगाव

ताई, मी तीस वर्षं दस्त लिहिले. खरेदीखत असो, बक्षीसपत्र असो, शेवटी ओळ ठरलेली: ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, नशापाणी न करता लिहून दिले असे.’ राजीखुशी म्हणजे जबरदस्ती नाही. अक्कलहुशारी म्हणजे काय करतोय ते कळतंय. तुम्हाला पाहिजेत त्या दोन्ही गोष्टी त्यात आल्या की. हे शब्द त्या आजींनी वाटणीच्या वेळी नक्की ऐकले असतील.

वाई

मी मानसशास्त्र शिकवते. दस्ताची ही जोडी इतकी चपखल आहे की उद्याच वर्गात सांगणार. स्टॅन्ले मिलग्रॅमचा आज्ञापालनाचा प्रयोग तिच्यावर घासून बघा. 1961 साली येल विद्यापीठात तो सुरू झाला. माणसं जाहिरात वाचून आपणहून आली, म्हणजे राजीखुशी होती. पण त्यांना सांगितलं होतं की हा स्मरण आणि शिकण्याचा प्रयोग आहे, पलीकडच्या खोलीतल्या माणसाचं उत्तर चुकलं की बटण दाबून त्याला विजेचा झटका द्यायचा, दर चुकीला आधीपेक्षा मोठा. त्या माणसाला झटके खरोखर बसत नव्हते, हे त्यांना माहीत नव्हतं. 1963 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात 40 पैकी 26 जण 450 व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेल्याचं आहे. त्यांना घाम फुटत होता, काहींना हसू आवरत नव्हतं, तरी ते गेले. राजीखुशी होती, अक्कलहुशारीला मात्र जागाच ठेवली नव्हती.

टस्कीगीचं उदाहरण वैद्यकातलं आहे, पण शब्दांची चर्चा चालली आहे म्हणून सांगते. 1932 ते 1972, चाळीस वर्षं अमेरिकेत अलाबामातल्या कृष्णवर्णीय पुरुषांवर उपदंशाचा (सिफिलिसचा) अभ्यास चालला. त्यांना उपदंश हा शब्द सांगितलाच नाही, ‘रक्त बिघडलंय’ एवढंच सांगत. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना दिलं नाही. एका धूसर शब्दाआड एवढं सगळं लपलं. म्हणून आजींनी ‘माहितीपूर्ण म्हंजी?’ विचारलं, त्याचं मला मोल वाटतं.

तरीही दस्ताचा शब्द उचलताना मला एक भीती आहे. दस्त म्हणजे लिहून दिलं ते दिलं. संशोधनातली संमती अशी बांधून घेत नाही. माणसांवरच्या प्रयोगांसाठी केलेल्या 1947 च्या न्यूरेंबर्ग संहितेचं पहिलंच कलम स्वेच्छेच्या संमतीचं आहे आणि नववं सांगतं की ज्याच्यावर प्रयोग होतोय त्याला तो मध्येच थांबवता आला पाहिजे. आपल्याकडे अंगठ्याची आठवण चांगली नाही. 1875 च्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांकडचे कर्जाचे रोखे जाळले ते उगीच नाही. शब्द दस्ताचे घ्या, पण कागदाला दस्ताचा चेहरा नको.

कोरेगाव

हे बरोबर बोललात. दस्त उलटवायला कोर्टात जावं लागतं.

कराड

दुसरा शब्द काढतो. आमच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत ‘प्रयुक्ताचे नाव’, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याचं नाव, असा रकाना असायचा. प्रयुक्त म्हणजे वापरलेला, कामी लावलेला. माणसाला असं म्हणायचं? अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या लेखनपुस्तिकेनंही 1994 च्या आवृत्तीत ‘सब्जेक्ट’ऐवजी ‘पार्टिसिपंट’ सुचवलं. आपल्याकडे ‘सहभागी’ रुळतोय, तोच चांगला. आणि गावात कुणाला ‘तुम्ही आमच्या नमुन्यात आहात’ म्हणू नका. मराठीत ‘नमुना’ कुणाला म्हणतात ते ठाऊक आहेच.

वाई

‘सहभागी’ला माझं मत आहे, पण ज्या अभ्यासात माणसाला खरं सांगितलेलं नसतं तिथं तो शब्द पोकळ वाटतो. मिलग्रॅमच्या प्रयोगात ते सहभागी होते असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिथं ‘प्रयुक्त’ हाच खरा शब्द आहे.

फलटण, दहावीच्या वर्गशिक्षिका

मुलांसाठी वेगळा शब्द हवा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत मुलांच्या बाबतीत दोन पायऱ्या आहेत. संमती आईवडील देतात, पण मुलालाही विचारायचं असतं: 7 ते 12 वयात तोंडी, 12 ते 18 मध्ये लेखी. इंग्रजीत या दुसऱ्या पायरीला ‘असेंट’ हा वेगळा शब्द आहे. मी तिला ‘होकार’ म्हणते. होकार म्हटलं की मुलाला नकारही आठवतो. ‘अनुमती’ म्हटलं तर दहावीचा मुलगा ती हेडमास्तरांनी द्यायची असते असंच समजेल.

प्रश्नकर्ती, सातारा

सर्वांचे मनापासून आभार. काल पुन्हा त्या गावात गेले. कागदाचं नाव बदलून ‘समजून, राजीखुशीने दिलेली संमती’ केलं. ‘अक्कलहुशारी’ ठेवावंसं वाटत होतं, पण एका काकूंना तो टोमणा वाटला, म्हणून ‘समजून’ घेतलं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी या प्रकल्पाशी संबंध नसलेली साक्षीदार बाई शेजारी बसवली, तिने ऐकलं आणि सही केली.

अडकले ते ‘गोपनीय’पाशी. कागदावर होतं, ‘आपले नाव गुप्त राहील.’ आजी म्हणाल्या, “नाव नगं लिवू, पन दोन म्हशी, ल्योक घाटकोपरला, सून म्हायेरी, येवढं लिवलं की झालं. चावडीवर समदी वळखतील.” निनावी आणि गोपनीय यांतला फरक मी परीक्षेत पाच गुणांसाठी लिहिला होता. तो मला त्या ओसरीवर कळला. नाव काढलं की मजकूर निनावी दिसतो, पण शंभर उंबऱ्यांच्या गावात तो गोपनीय होत नाही. आता अहवालात म्हशी, घाटकोपर, सून काहीही येणार नाही, गावाचं नावही नाही. कागदावर वाक्य केलंय: ‘तुम्ही कोण ते कुणाला ओळखू येईल असं काहीही लिहिणार नाही.’ लांब आहे, पण कळतं.

आजींनी काल अर्धी मुलाखत दिली आणि म्हणाल्या, “आता बास.” मी वही मिटली. फॉर्मवर या हक्कासाठी ‘माघार घेणे’ असं छापलंय. माघार म्हटलं की हार वाटते, नाहीतर निवडणुकीचा अर्ज आठवतो. ‘अंग काढून घेणे’त तर दोषच आहे. कमीपणा न येता मध्येच थांबण्याला तुमच्याकडे काय म्हणतात?

कोरेगाव

आजींनी म्हटलं तेच छापा ना. ‘बास म्हटलं की थांबू.’