शब्दचर्चा: 'मागे असणे', 'पटवणे', 'विचारणे' आणि एका तैवानी पिक्चरचं नाव

गिडन्स कोचा २०११ चा तैवानी पिक्चर आहे ना, चांगह्वा गावातल्या शाळेतली पोरं आणि शेन जियायी नावाची हुशार मुलगी, त्याचं मँडरिन नाव शब्दशः 'ती वर्षं, आपण मिळून जिचा पाठलाग केला ती मुलगी' असं काहीतरी होतं. आता मराठीत पाठलाग म्हटलं की डोळ्यासमोर पोलीस येतात नाहीतर थेट जुन्या भारतीय दंड संहितेतलं ३५४-ड कलम, बाईचा पिच्छा पुरवण्याचा गुन्हा. मूळ क्रियापद 'झ्वेइ', त्यात गुन्ह्याचा वास अजिबात नाही. मराठीत काय म्हणाल?

—

लाइन मारणे. विषय संपला.

—

नाही संपला. लाइन मारणं म्हणजे कट्ट्यावर बसून टाइमपास, आणि इथे तो हिरो, को चिंगतेंग, तिच्यासाठी अभ्यासाला लागतो, पैज हरून टक्कल करून येतो, ती पुढच्या बाकावर बसलेल्या त्याच्या पाठीत पेन टोचते आणि शर्टावर निळ्या शाईचे ठिपके पडत राहतात. हे लाइन मारणं आहे का? आमच्याकडे 'तो तिच्या मागे आहे' म्हणतात. 'मागे लागणे' नाही हं, मागे लागतात ते वसुलीवाले. नुसतं 'मागे आहे'.

—

पटवणे का नको?

—

पटवणे मला तर आवडतच नाही, मुलगी म्हणजे काय घासाघीस करून पटवायचा भाजीवाला आहे का. पण ते सोडा, अर्थानेही बसत नाही. पटवणे यात मुलगी 'हो' म्हणाली हे आलंच. मँडरिनमध्ये त्याला वेगळं रूप आहे, 'झ्वेइदाओ', म्हणजे मागे गेला आणि गाठलंसुद्धा. नुसतं 'झ्वेइ' म्हणजे प्रयत्न चालू, निकालाचा पत्ता नाही. पिक्चरच्या नावात ते 'दाओ' नाहीये आणि ते मुद्दाम नाहीये, कारण शेवटी सगळी गँग तिच्या लग्नात आहे आणि नवरदेव भलताच आहे (ज्यांनी बघितला नाही त्यांनी माफ करा, चौदा-पंधरा वर्षं झाली आता). तिकडे हेच क्रियापद सिरियलला पण लावतात, एकामागून एक एपिसोड बघत सुटणं म्हणजे 'झ्वेइ-ज्यू', आणि नटनट्यांचं फॅन असणं म्हणजे 'झ्वेइ-शिंग', ताऱ्याच्या मागे.

—

इंग्रजी नाव 'यू आर द ॲपल ऑफ माय आय' आहे, त्यावरून 'गळ्यातला ताईत' करा की.

—

इंग्रजी नावाचा मूळ नावाशी संबंधच नाही. आणि गळ्यातला ताईत म्हणजे शेंडेफळ, नाहीतर साहेबांचा लाडका क्लार्क.

—

जपान्यांनी २०१८ ला रीमेक केला तेव्हा 'झ्वेइ'सारखंच क्रियापद ठेवलं पण नाव केलं 'त्या काळी मी तुझ्या मागे होतो' अशा धाटणीचं. म्हणजे 'मिळून' गेलं, 'ती'ची 'तू' झाली. कोरियनमध्ये उलटं, 'आपण' ठेवलं आणि 'मागे होतो'चं 'आवडायची' केलं. मला विचाराल तर जपान्यांनी जास्त घालवलं, कारण पाच-सहा मित्र एकाच मुलीच्या मागे आहेत आणि तरी मैत्री तुटत नाही, सगळी गंमत त्या 'मिळून'मध्ये आहे.

—

मग आम्ही की आपण? मँडरिनमधलं 'वोमन' दोन्हीला चालतं, मराठीत ठरवावं लागतं. 'आम्ही' म्हटलं की प्रेक्षकाला गोष्ट सांगतोय, 'आपण' म्हटलं की त्याच मित्रांना सांगतोय. माझं मत आपण.

—

आपण. 'तेव्हा आपण सगळे जिच्या मागे होतो'. मुलगी शब्द पण नको, 'जिच्या' पुरे.

—

यात अजून एक शब्द घ्या, 'गाओबाय'. सबटायटलवाले सरसकट 'प्रपोज' करतात. मराठीत आपण 'विचारलं का तिला?' म्हणतो, विचारलं म्हणजे उत्तर आलंच पाहिजे. 'गाओबाय' म्हणजे मनातलं सांगून टाकणं, उत्तर आलं तर आलं. पिंगशीला दोघं आकाशकंदील सोडतात तो सीन बघा, ती उत्तर द्यायला तयार आहे आणि हा म्हणतो मी विचारलेलंच नाही, त्यामुळे तू नाही म्हणूच शकत नाहीस. तिने कंदिलाच्या तिच्या बाजूला 'हो' लिहिलेलं असतं आणि या शहाण्याने बघितलेलं नसतं. तिथे 'प्रपोज' टाकलं तर त्या वाक्याला अर्थच राहत नाही, प्रपोज केलंस आणि वर म्हणतोस विचारलं नाही?

—

'सांगितलं' चालेल. 'तिला सांगितलंस का?' आमच्या कॉलेजात असंच विचारायचे, काय सांगितलं ते विचारायची गरज पडायची नाही.

—

बरोबर, 'सांगणे' फिट बसतंय.

—

आणि ती त्याला सारखं 'योउझ्' म्हणते त्याचं? बालिश?

—

पोरकट. बालिश अग्रलेखात लिहितात, चिडलेली मुलगी पोरकटच म्हणणार.