चायनीज एल्म बोन्साय : इंदूरच्या हवेत जगेल का?

रामबागकर : आईला झाडांची फार हौस, पण गुडघ्यांमुळे गच्चीवर जाणं बंद झालंय. तिच्या गॅलरीसाठी एल्म घ्यायचंय. पूर्वेचं ऊन दहापर्यंत. बजेट दीड हजार.

सुदामानगरी : दीड हजारात काडी मिळेल. मी पुण्याहून साडेसहा हजारांचं आणलं. खोडाचं वळण बघत राहावं असं! घ्यायचं तर एकदाच चांगलं घ्या.

माळवी_माळी : आधी एल्मच आहे ना ते बघा. त्या नावाखाली फुकियन टी हे दुसरंच बोन्सायचं झाडही खपवतात. एल्मच्या पानाची कड बारीक दातेरी, आणि देठापाशी पानाच्या दोन बाजू खालीवर जुळतात. फुकियनचं पान चकचकीत, वर पांढरे ठिपके.

बडोदेकर_काकू : माझ्या जावेने टीव्हीशेजारी ठेवलं, वाळून गेलं. बाहेरच ठेवा, रोज पाणी घाला. नवख्याने खरं तर फायकस, म्हणजे वडाच्या जातीतलं झाड, घ्यावं.

सुदामानगरी : फायकसला अनुमोदन.

माळवी_माळी : काकू, रोज ठरवून नको. बोट खुपसून बघायचं. वरचा थर सुकत आला की भोकांतून निथळेपर्यंत घालायचं. मे महिन्यात दोनदाही लागेल. आपली काळी माती मात्र नको, पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात. विटांचा चुरा, जाड वाळू, थोडं कुजलेलं शेणखत.

सुदामानगरी : विटा कसल्या? मी अकादामा ही जपानी दाणेदार मातीच वापरतो.

ग्वाल्हेरी : आमच्या थंडीत पानं गळतात. मेलं समजून टाकू नका. नखाने साल खरवडा, आत हिरवं दिसलं तर जिवंत आहे. शेजाऱ्यांनी टाकलेलं मी उचलून आणलं, आता कोंबांनी भरलंय. किडीवर डायमेथोएट मारू नका, एल्म पानं टाकतं.

बडोदेकर_काकू : बोन्साय घरात लाभत नाही म्हणतात.

ग्वाल्हेरी : काकू, गॅलरीत ठेवतायत ते.

रामबागकर : सर्वांचे आभार. पानं तपासून पिशवीतलं साधं एल्मचं रोप आणलं, साडेतीनशेला. तयार झाड आईला नकोच होतं; तिला स्वतः घडवायचंय. माळीदादा, बोन्सायच्या ट्रेमध्ये कधी लावू? फांद्यांना वळण द्यायला तार कधी?

माळवी_माळी : एवढ्यात ट्रे नको, उथळ ट्रेमध्ये खोड फार सावकाश जाड होतं. मोठ्या कुंडीत मोकळं वाढू द्या. कुंडी बदलायची ती कोंब फुटायच्या तोंडावर, जानेवारीअखेर. तार बांधली की आठवड्याला बघा, रुतली तर सालीवर वळ राहतात. आणि एप्रिलपासून दुपारी हिरवी जाळी लावा.