न्यूक्लियस लांबट असला की ग्राफला दोन उंचवटे का येतात?

सागरिका_रत्नागिरी
नमस्कार, एमएस्सी फिजिक्सला आहे, पुढच्या आठवड्यात जायंट डायपोल रेझोनन्सवर, म्हणजे न्यूक्लियसमधले (अणूच्या गाभ्यातले) प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एकमेकांविरुद्ध हिंदकळतात त्यावर, सेमिनार आहे. ऊर्जा बदलत गॅमा किरण मारायचे आणि किती न्यूट्रॉन बाहेर पडतात ते मोजून ग्राफ काढायचा, इथवर कळलं. निओडिमियम 142 ला (आकडा म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून संख्या) 15 एमईव्हीच्या (हे ऊर्जेचं एकक) आसपास एकच उंचवटा येतो आणि त्याच निओडिमियमच्या 150 ला मात्र दोन, एक साधारण 12 वर, दुसरा 16 वर. सर म्हणाले आकारामुळे. पण टार्गेटमधले न्यूक्लियस वाट्टेल त्या दिशेला तोंड करून असणार ना, मग सगळ्याची सरासरी होऊन मधेच एक उंचवटा का नाही येत? दोन दिवस यातच अडकलेय.

हर्णैकर
होडीत साठलेलं पाणी बघितलंयस ना? लहानपणी काकांच्या होडीतलं पाणी उपसायचं काम माझ्याकडे असायचं, होडी हलली की पाणी पुढून मागे सावकाश जायचं आणि आडवं मात्र भराभर हिंदकळायचं, कारण तिकडे अंतर कमी. इथे सगळे प्रोटॉन एका बाजूला आणि न्यूट्रॉन दुसऱ्या बाजूला असं हिंदकळतं. लांब अक्षावर सावकाश म्हणजे कमी ऊर्जा, तो तुझा 12 वाला, आखूड अक्षावर जलद तो 16 वाला. 142 मध्ये न्यूट्रॉन 82, मॅजिक नंबर म्हणजे कवच पूर्ण भरलेलं, म्हणून गोल, सगळ्या दिशा सारख्या.
आता दिशेचं. बंदरात शंभर होड्या वेड्यावाकड्या लागलेल्या असू देत, प्रत्येकीतलं पाणी तिच्या स्वतःच्या लांबीरुंदीप्रमाणेच हलणार. तू सगळ्यांची बेरीज बघतेयस, त्यात दोन्ही ठेके तसेच राहतात, मधला तिसरा कुठून येणार?

मालवणची_ताई
दादांचं बरोबर आहे पण हा न्यूक्लियस फिरतो पण, ते सांगितलं नाहीस तर सेमिनारमध्ये हमखास विचारतील. 150 ची फिरण्याची पहिली पातळी 0.13 एमईव्हीला आहे आणि कंपनं 12 ते 16 ला, म्हणजे जवळजवळ शंभरपट फरक, त्यामुळे कंपनाच्या हिशेबात तो जागेवरच थांबल्यासारखा असतो आणि आकार टिकून दिसतो. अजून एक, आखूड अक्ष दोन असतात म्हणून 16 च्या उंचवट्याखालचं क्षेत्रफळ साधारण दुप्पट. उंची बघू नकोस हां, तो रुंदपण असतो. लाल भोपळ्यासारखा चपटा न्यूक्लियस असता तर उलट, मोठा उंचवटा कमी ऊर्जेला आला असता.

सागरिका_रत्नागिरी
अरे वा, आत्ता कळलं!! मग उलटपण वाचता येईल का, 16 भागिले 12 करून आकार?

हर्णैकर
हो, तेच तर यातलं सगळ्यात सुंदर आहे. लांबी रुंदीच्या साधारण 1.3 पट निघते, म्हणजे न्यूक्लियस न बघता त्याचा आकार कळतो. ओकामोटो आणि डॅनॉस या भौतिकशास्त्रज्ञांनी 1950 च्या दशकातच उंचवटा असा दोनात विभागला जाईल हे सांगितलं होतं. वेळ असेल तर समेरियमपण दाखव, फ्रान्समध्ये साक्लेच्या संशोधन केंद्रात 1970 च्या दशकात मोजलंय. 144, 148, 150, 152, 154 असे ग्राफ एकाखाली एक लाव, आधी एक टोक, मग ते पसरत जातं आणि 154 ला चक्क दोन.