मदत हवी आहे: चांगल्या टीममधून 'तळाचा' कोण दाखवायचा?

मंडळी, माझ्या हाताखाली आठ जण आहेत. यंदा एचआरचं फर्मान आलंय: कामाचं रेटिंग बेल कर्व्हमध्येच (थोडे वर, बहुतेक मधे, थोडे तळाला) बसवायचं आणि एक जण सर्वांत खालच्या श्रेणीत दाखवायचाच. आठही जणांनी टार्गेट पूर्ण केलंय हो! हजारो लोकांत असा कर्व्ह एक वेळ निघेल, आठांत कुठून आणू?

जनरल इलेक्ट्रिकचे तेव्हाचे प्रमुख जॅक वेल्च यांनी तिथे रूढ केलेल्या २०-७०-१० पद्धतीची (वरचे २० टक्के, मधले ७०, तळाचे १०) ही नक्कल. मायक्रोसॉफ्टने तर रँकिंगचा हा प्रकार २०१३ मध्येच मोडीत काढला. सांगून पाहिलं, 'पॉलिसी आहे' एवढंच उत्तर.

परिणाम आत्ताच दिसतोय. परवापर्यंत नव्या मुलीला शेजारी बसवून कोड समजावणारा सीनियर आता 'डॉक्युमेंट वाच' म्हणून मोकळा होतो. साध्या मेलमध्येही साहेबांना सीसी. कॅलिब्रेशन मीटिंगमध्ये (सगळे मॅनेजर बसून रेटिंग जुळवतात ती) ज्याचा मॅनेजर जास्त भांडतो तो वाचतो. बाळंतपणाच्या रजेवरून आलेलीचं नाव टाका, असाही सूर निघाला. तो मी साफ धुडकावला.

कुणी अपवाद मंजूर करून घेतलाय का? लेखी कारणं कशी मांडलीत? छोट्या टीम एकत्र धरून कर्व्ह लावा, ही मागणी कुठे मान्य झाली का? आणि नाव द्यावंच लागलं, तर त्या माणसाला खरं कारण सांगायचं की नाही?