लॅब्राडोर मादीचं ऑपरेशन सहाव्या महिन्यातच उरकायचं का?

चेरीची_आई: आमची चेरी, लॅब, पाच महिन्यांची झाली. डॉक्टर म्हणतात पहिल्यांदा माजावर यायच्या आधीच नसबंदी करून टाका. सासूबाई म्हणतात एकदा तरी पिल्लं होऊ दे तिला. आणि पुतण्या म्हणतो मोठ्या ब्रीडला घाई करू नका. करायचं नक्की आहे, कधी ते सांगा.

माऊ_सातारा: लगेच कर! आमच्या पामेरियनचं करू करू म्हणत राहिलं, आठव्या वर्षी हीट (माज) संपून महिना झाला आणि ती सारखं पाणी प्यायला लागली, जेवण बंद, आम्हाला वाटलं उन्हाळा आहे, निघाला पायोमेट्रा, गर्भाशयात पू. रात्री ऑपरेशन केलं पण नाही वाचली. स्तनाच्या गाठींचंही तेच. 1969 चा अमेरिकन अभ्यास आहे, ऑपरेशन न केलेल्या मादीचा धोका 100 धरला तर पहिल्या हीटआधी केलं तर 0.5, एका हीटनंतर 8, दुसरीनंतर 26.

लॅबवाला: ताई, वाईट झालं खरंच. पण पामेरियनचा हिशोब लॅबला लावू नका. हाडांची वाढ थांबवायला अंडाशयातली हॉर्मोन्स लागतात, ऑपरेशनने ती लवकर बंद झाली की हाडं जास्त दिवस वाढत राहतात आणि सांध्यांवर ताण येतो. कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठाने 2020 ला 35 ब्रीड्सचा अभ्यास छापला, लहान ब्रीड्समध्ये बहुतेक फरक दिसला नाही, पण लॅब मादीचं वर्षाच्या आत केलं तर सांध्यांचे त्रास जास्त दिसले. माझ्या लॅबचं पाचव्या महिन्यात केलं, तिसऱ्या वर्षी मागच्या पायाचा लिगामेंट (सांधा धरून ठेवणारा बंध) गेला. त्याच्यामुळेच गेला असं नाही म्हणणार, वजनही आम्हीच वाढू दिलेलं, पण आता परत मी वर्षभर थांबेन.

माऊ_सातारा: थांबा म्हणणं सोपं आहे हो. हीट म्हणजे जवळजवळ तीन आठवडे, दारात गल्लीतले चार नर बसलेले, मुलाने एकदा गेट उघडं टाकलं की संपलं. आणि रस्त्यावरच्या कुत्र्याशी मेटिंग झालं तर टीव्हीटीच्या (मेटिंगमधून पसरणाऱ्या कॅन्सरच्या) गाठी पण होतात, त्याला मग केमो लागते. लिगामेंट गेला तर पायाचं ऑपरेशन करता येतं, गेलेला जीव परत नाही येत.

लॅबवाला: ते मान्य. ज्यांना तीन आठवडे लीश लावून सांभाळणं जमणार नाही त्यांनी आधीच करावं. पण ज्यांना जमतं त्यांनी पण सहा महिने म्हणजे सहा महिने, हे काही पटत नाही.

बोक्याचा_बाबा: मांजरवाल्यांनी हे वाचून थांबू नका!! भाटी चौथ्या-पाचव्या महिन्यातच माजावर येते, दोन महिन्यांत विते आणि पिल्लं पीत असतानाच परत गाभण राहते. आमच्या बोक्याचं पाचव्या महिन्याआधी केलं, संध्याकाळी घरी येऊन जेवला. सासूबाईंना एक सांगा, लॅबला आठ-आठ पिल्लं होतात, आठ चांगली घरं आधी शोधून दाखवा म्हणावं.

चेरीची_आई: सासूबाईंना दाखवलं, आठ ऐकून गप्प झाल्या. डॉक्टरांशी परत बोलले, ते म्हणाले सांभाळणार असाल तर पहिली हीट होऊ दे, संपल्यावर अडीच-तीन महिन्यांनी करू, हीट चालू असताना रक्तस्राव जास्त होतो म्हणून नाही करत. आम्ही तळमजल्यावर आहोत, कंपाउंडच्या जाळीला मागे एक भगदाड आहे, ते या रविवारी बुजवून घेतो.

माऊ_सातारा: बुजव. आणि हीटनंतर पाणी जास्त प्यायली तर एक दिवसही थांबू नकोस.