वृद्ध ग्राहकांच्या मोबाईलवरील आरोग्यसेवा: फार्मसीने मदत कुठवर करावी?

प्रश्न (फार्मासिस्ट, माशेल, गोवा)
नमस्कार. मुले मुंबई-पुण्यात किंवा आखातात असलेले अनेक वयस्क ग्राहक रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या न्यायला माझ्या फार्मसीत येतात आणि मोबाईल माझ्या हाती देऊन 'आभा क्रमांक काढून द्या', 'ई-संजीवनीवर डॉक्टर गाठून द्या' असे सांगतात (आभा म्हणजे आरोग्यनोंदी जोडणारा क्रमांक, ई-संजीवनी म्हणजे मोबाईलवरून डॉक्टरांचा सल्ला देणारी सरकारी सेवा). मदत करण्याची इच्छा आहे, परंतु आधार, ओटीपी आणि आजाराची माहिती असा सगळा ऐवज एकदम माझ्या हाती येणे मला खटकते. आपण इतर मंडळी काय करता?

उत्तर १ (फार्मासिस्ट, पेडणे)
बहुतेकांचे घोडे ओटीपीपाशीच अडते. चौदा अंकी आभा क्रमांक आधारवरून काढताना ओटीपी आधारशी जोडलेल्या क्रमांकावर जातो आणि तो मोबाईल बहुधा परगावच्या मुलाकडे असतो. म्हणून आधी तेवढेच विचारावे. आधारशी जोडलेला मोबाईल क्रमांक बदलायचा असल्यास आधार केंद्रात जाता येते. ज्यांना चालणे कठीण, त्यांच्यासाठी इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन घरी येऊनही ते काम करतो, ही माहिती फारच थोड्यांना आहे. ओटीपी मात्र आपण टंकू नये, ग्राहकाकडूनच टंकून घ्यावा. वेळ लागतो, लागू द्यावा.

उत्तर २ (निवृत्त आरोग्यसेविका, डिचोली)
वरील मताशी सहमत आहे, पण माझ्या मते फार्मासिस्टचे खरे काम मोबाईलच्या अलीकडचे आहे. व्हिडिओवर डॉक्टर विचारतात, 'सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत?' आणि आजोबा सांगतात, 'सकाळी पांढरी, रात्री पिवळी.' गोळ्यांची नावे, मात्रा आणि अलीकडचा रक्तदाब एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून दिल्यास त्या संभाषणाला अर्थ येतो, आणि हे आपल्याइतके नीट दुसरे कोणी लिहू शकणार नाही. संभाषण काउंटरवर, चार ग्राहकांच्या देखत होऊ देऊ नये. आणखी एक गोष्ट आधीच सांगावी: 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार अल्प्राझोलामसारखी मनःप्रभावी औषधे दूरस्थ सल्ल्यातून लिहून देता येत नाहीत, त्यामुळे झोपेच्या गोळीसाठी कॉल लावून बसलेल्या आजींची निराशाच होते.

उत्तर ३ (ज्येष्ठ नागरिक, साखळी)
ग्राहकाच्या बाजूने लिहितो. आमच्या पिढीचा मोठा गोंधळ कार्डांचा आहे. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना ही गोवा सरकारची, उपचारांच्या खर्चासाठी. आभा हा केवळ आरोग्यनोंदी जोडण्याचा क्रमांक, त्यातून एक पैसाही मिळत नाही. आणि सत्तरी ओलांडलेल्यांसाठी 2024 मध्ये आलेले आयुष्मान वय वंदना कार्ड, ज्यात वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, ते पुन्हा वेगळे. आभा काढले म्हणजे बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात सगळे फुकट, असे समजणारे माझ्या ओळखीत आहेत. एवढा फरक फार्मसीत समजावून सांगितला तरी पुष्कळ हेलपाटे वाचतील. मात्र मदत करता करता ठरावीक डॉक्टर किंवा औषधे घरपोच देणारे ठरावीक ॲप सुचवू नये. तसे झाले की आम्हांला संकोचाने नाही म्हणता येत नाही.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. डिचोलीच्या ताईंनी सुचवलेल्या कागदापासून सुरुवात करतो. गर्दी नसते त्या दुपारच्या वेळी मागच्या खोलीत खुर्ची ठेवता येईल. पोस्टमनच्या सोयीबद्दल आमच्या पोस्टात चौकशी करून येथेच कळवीन.