शब्दचर्चा: लिंग, लिंगभाव, तफावत, विषमता

प्रश्न: स्त्रियांच्या आरोग्यावर पदव्युत्तर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी अर्थसाहाय्याची योजना आहे. तिचं माहितीपत्रक मराठीत करते आहे. 'लिंग आणि लिंगभाव यांमुळे आरोग्यात येणारी विषमता' असं लिहिलंय. सहकारी म्हणतात, एवढं कशाला, 'लिंगभेद' पुरे. मला पटत नाही. तुमचं मत?

उत्तर: 'लिंगभेद' नकोच. तो शब्द भेदभावाच्या अर्थाने रुळलाय, शरीरातला फरक त्यात येत नाही. गुणसूत्रं, संप्रेरकं, अवयव हे लिंग. बाई किंवा पुरुष म्हणून समाज जे वळण लावतो तो लिंगभाव. झोल्पिडेम हे झोपेचं औषध घ्या. स्त्रियांच्या शरीरातून ते सावकाश बाहेर पडतं, सकाळी गाडी चालवतानाही रक्तात उरतं. म्हणून २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नेहमीच्या गोळीची स्त्रियांसाठीची मात्रा १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणायला लावली. हे लिंगाचं. छातीत कळ येत असताना बाई आधी घरातलं आवरते, मग दवाखाना गाठते आणि तिथे 'ताण असेल' म्हणून तिची बोळवण होते, हे लिंगभावाचं. प्रबंधात दोन्ही एकाच रकान्यात कोंबलं तर उपायच चुकेल.

दुसरं मत: मान्य, पण हे इतकं सुटं नसतं. पाळीतल्या रक्तस्रावाने लोह घटतं, हे शरीराचं. ताटात तिच्या वाट्याला कमी येतं, हे घराचं. रक्तक्षय मात्र एकच! म्हणून दोन्ही शब्द ठेवा आणि प्रश्नावलीतही जन्माच्या वेळी नोंदवलेलं लिंग आणि आजची लिंगओळख (म्हणजे ती व्यक्ती स्वतःला बाई, पुरुष की आणखी काही मानते) वेगवेगळी विचारा.

प्रश्नकर्ती: आणि 'विषमता' की 'तफावत'?

उत्तर: आकड्यांतलं अंतर ती तफावत. टाळता येण्याजोगी आणि अन्यायाची असेल तर विषमता. स्तनांचा कर्करोग स्त्रियांत कितीतरी जास्त आढळतो, ही तफावत. बाईच्या तपासणीवर कुणी खर्च करत नाही म्हणून तो उशिरा कळतो, ही विषमता. तुमच्या वाक्यात 'तफावत आणि विषमता' दोन्ही हवेत, कारण कुठली कोणती हे ठरवणं हेच तर विद्यार्थ्याचं काम.

'अर्थसाहाय्या'ऐवजी मी 'पाठबळ' म्हणेन, आणि त्यात काय येतं तेही लिहीन. स्त्री-पुरुषांचे निष्कर्ष वेगळे काढायचे तर सहभागी जास्त लागतात. तुटपुंज्या अनुदानात पहिली कात्री तिथेच लागते. अमेरिकेत १९७७ च्या सूचनांनी मूल होऊ शकेल अशा वयातल्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून बाहेर ठेवलं. १९९३ मध्ये ती आडकाठी निघाली. एवढ्या वर्षांची पोकळी आज विद्यार्थ्यांच्या पुढ्यात आहे. तेव्हा 'जादा सहभागी आणि संख्याशास्त्राचा सल्ला यांचा खर्च मिळेल' हे वाक्य ठळक अक्षरांत येऊ द्या.